घट : मातीची कुळकथा

आश्विन लागला की आमच्या चांदवडकडं आधी माती येते, मग देव बसतात. वावरातली काळी माती चाळून परडीत किंवा पत्रावळीवर पसरायची. तीत गहू, ज्वारी, बाजरी, मका, हरभरा असं धान्य मिसळायचं आणि मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवायचा. घटाच्या सच्छिद्र अंगातून पाणी झिरपतं, माती नऊ दिवस ओली राहते. रोज एक माळ चढते. घरात दिवस तिथीनं नाही, तर पहिली माळ, दुसरी माळ असे मोजले जातात. अंधाऱ्या देवघरात कोंबांना ऊन मिळत नाही, हरितद्रव्य तयार होत नाही, म्हणून ते पिवळेधमक वाढतात. दसऱ्याला तेच कोंब टोपीत खोवले जातात.

हा विधी पोथीतून आला की वावरातून? त्याचा काळ पाहावा. खरीप घरी यायला लागलेलं असतं आणि रब्बीची पेरणी तोंडावर असते. अशा वेळी मूठभर माती आणि मूठभर बी घरात आणून ते रुजतं का हे पाहणं, ही शेतकऱ्याची गरज आहे आणि प्रार्थनाही. पेरणीआधी ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण मोजायला कृषी विभाग सांगतो, त्याचीच ही जुनी बहीण म्हणावी लागेल.

चांदवडच्या डोंगरात रेणुकामाता आहे. परशुरामानं आईचा शिरच्छेद केला, तेव्हा शिर चांदवडला आणि धड माहूरला राहिलं, अशी इथली आख्यायिका. या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) केला. नवरात्रात होळकरांच्या रंगमहालातून देवीचे अलंकार पालखीनं मंदिरात येतात आणि कितीतरी बाया नऊ दिवस देवळातच घटी बसतात. ‘रेणु’ म्हणजे धूळ, मातीचा कण. रेणुका ही भूमीच आहे, हे रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (१९७८) या ग्रंथात मांडलं. ते पटलं की घटाचं कोडं सुटतं. माती हे तिचं अंग, पाण्यानं भरलेला घट हे गर्भाशय, कोंब हे तिचं लेकरू. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायातली शाकंभरीही आपल्याच देहातून उगवलेल्या भाजीपाल्यानं जग जगवते.

घटाचं गोत दूरवर पसरलं आहे. नेपाळात दसैंला जवाचे पिवळे कोंब कानावर खोवतात, तमिळनाडूत बाया मुळैप्पारीच्या कुंड्या डोक्यावर घेऊन निघतात, इराणात नवरोजला सब्जे उगवतात. प्राचीन ग्रीसमध्ये बाया फुटक्या मडक्यांत अ‍ॅडोनिसच्या बागा लावत. इजिप्तमध्ये १९२२ साली उघडलेल्या तुतनखामेन राजाच्या थडग्यातही ओसायरिस देवाच्या आकाराच्या साच्यात माती भरून जव रुजवलेले सापडले. मेल्यासारखं दिसणारं बी जिवंत होतं, हे माणसाला सगळीकडं पवित्र वाटलं.

आता बाजारात घटाची माती पिशवीत मिळते. शहरात राहणाऱ्याचा नाइलाज समजतो. पण गावाकडं वावर असेल, तर यंदा तिथलीच मूठभर माती आणा, घरचंच बी टाका आणि नवव्या माळेला कोंब नीट पाहा. कोणतं धान्य दाट आलं, कोणतं विरळ, हे लेकरांना मोजायला लावा. मातीची ओळख पटवून देण्यासाठीच घट बसतो.