माजलगावच्या जात्यावरील गायिका

बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर, पुरुषोत्तमपुरी नावाचे गाव असून, देवगिरीच्या रामचंद्र यादवाने आपला मंत्री पुरुषोत्तम यास शके १२३२ म्हणजे इ. स. १३१० मध्ये काही गावे एकत्र करून अग्रहार दिल्याचा ताम्रपट तेथेच सापडलेला आहे. पुढे राजवटी बदलल्या, पाटील-कुलकर्णी आणि देशमुख-देशपांडे आले, निजामशाहीत तालुकदारांचा उर्दू कारभार सुरू झाला व १७ सप्टेंबर १९४८ रोजी तोही संपला. परंतु या साऱ्या काळात जमीन कोणाची, पीक किती आणि साऱ्याची बाकी किती, याची नोंद दप्तरांतून ज्या दक्षतेने होत आली, तिचा शतांशही त्या जमिनीतली ज्वारी पहाटे उठून दळणाऱ्या बायकांच्या वाट्यास आला नाही. त्यांचे जे काही चरित्र उपलब्ध आहे ते त्यांनीच गायिलेल्या ओव्यांत आहे.

ही ओवी फार जुनी. कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख येतो. राजाने आपल्या प्रचंड ग्रंथात या गोष्टीस जेमतेम एवढीच जागा दिली, हे मात्र त्याच्या पदास साजेसेच झाले. ज्याची समाधी अंबाजोगाईस दाखवितात त्या मुकुंदराजाने ‘विवेकसिंधु’ ओवीतच रचला, आणि पंडितांनी या ग्रांथिक ओवीचा अभ्यासही पुष्कळ केला. तथापि तिची थोरली बहीण दगडाच्या घरघरीत वाढली असल्यामुळे असो वा अन्य कारणाने, साहित्याच्या इतिहासात तिला फार उशिरा प्रवेश मिळाला.

जात्याची रचना साधी आहे. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मध्ये आस, कडेला लाकडी खुंटा. दोघी जणी समोरासमोर बसून एकच खुंटा धरतात, एकीचा हात ओढतो तेव्हा दुसरीचा जातो, आणि मोकळ्या हाताने मधूनमधून मुखात वैरण घातली जाते. ज्वारी चार-पाच माणसांची असेल तर हे काम तांबडे फुटेपर्यंत चाले, आणि ओवीची ओळ या फेऱ्यांनीच लांब-आखूड होई: एखादा शब्द हेलकाव्यासाठी पुन्हा घेतला जाई, मध्येच ‘बाई’ घालून श्वास सावरला जाई, एकीने टाकलेली ओळ दुसरी उचली. तेथे श्रोता म्हणून कोणी बसलेला नसे. सासूचा जाच, माहेरची वाट, न आलेला भाऊ, पंढरीचा विठोबा आणि वनवासातली सीता ही त्या गाण्यांची आवडती ठिकाणे. जी गोष्ट दिवसा ओसरीवर उच्चारण्याची सोय नव्हती ती येथे सीतेच्या नावावर खपून जाई, आणि शेजघरात झोपलेल्या सासूने ऐकली तरी देवाच्या गाण्याला हरकत कशी घ्यावी!

१९९६ साली माजलगावच्या भीमनगर वस्तीत पुण्याहून काही माणसे ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन आली, तेव्हा वाल्हाबाई टाकणखार, राधाबाई बोऱ्हाडे, रंगूबाई पोटभरे अशा गायिकांनी त्यांना ज्या ओव्या ऐकविल्या, त्यांत या जुन्या मुलखाची सीमा ओलांडलेली दिसते. पहिली ओवी अमुक देवाला, दुसरी तमुक देवाला, असा क्रम लावून गाण्यास आरंभ करण्याची चाल प्राचीन आहे. या बायकांनी ती चाल जशीच्या तशी ठेवली आणि देवांच्या जागी भीमराव, बुद्ध, धम्म व संघ यांना बसविले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास झालेल्या धर्मांतराचा अर्थ विद्वानांनी ग्रंथांतून उलगडला. येथे तोच अर्थ घरातल्या नात्यांत उतरला, आणि बाबासाहेब हे कधी गुरू, कधी भाऊ तर कधी दारी आलेला पाहुणा झाले. ओवीत भावाचे स्थान किती उंच आहे हे जो जाणतो, त्यास या नात्याचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. वामनदादा कर्डकांसारख्या शाहिराचे गाणे सभेपुढे उभे राहून गाइलेले असे, तर हे गाणे चुलीशेजारचे. मला स्वतःला या दुसऱ्याचे धाडस अधिक वाटते, कारण पिढ्यानुपिढ्या मुखात बसलेला विठोबा पहाटेच्या अर्धवट झोपेत बदलणे हे सभेत घोषणा देण्याइतके सोपे नव्हे.

पुण्याची ही माणसे ओव्यांच्या ज्या संकलनासाठी आली होती ते मूळचे गी पॉइट्व्हँ या फ्रेंच विद्वानाचे व हेमा राईरकर यांचे. मुळशी भागातल्या डोंगरी गावांत काम करताना त्यांचे लक्ष या गाण्यांकडे गेले, आणि पुढे महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील तीन हजारांवर गायिकांकडून एक लाखावर ओव्या गोळा झाल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील सुमारे १२० तासांचे गायन ध्वनिमुद्रितही झाले. पॉइट्व्हँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तल्यानंतर २०१७ पासून ‘पारी’ या संस्थेने हा संग्रह गायिकांच्या नावागावांसह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. वेळ मात्र टळत आलेली होती. तालुक्याच्या बाजारात आधी तेलावर व मग विजेवर चालणाऱ्या गिरण्या आल्या, डोक्यावरचे दळण तिकडे वळले, आणि बायकांचे हात सुटले याबद्दल कोणीही शहाण्या माणसाने हळहळू नये. ओव्या वाचाव्यात म्हणून जाते ओढत राहावे, असा सल्ला देणाऱ्यांनी प्रथम स्वतः पायलीभर ज्वारी दळून पाहावी.

आता जाते बाहेर निघते ते बहुधा लग्नघरी. हळदीच्या दिवशी ते धुऊन, खुंट्याला आंब्याची पाने व सुपारी बांधून मांडवात मांडतात. नवरीची हळद पुडीतून आणलेली असली तरी सुवासिनी चार हळकुंडे जात्यात घालतातच, आणि आळीत जिला ओव्या येतात अशी एखादी म्हातारी उरलेली असेल, तर त्या दिवशी तिच्या घरी मुद्दाम बोलावणे जाते.