चार आण्यांची वर्गणी : परळ-नायगावातील आपल्या समाजाच्या रोजीरोटीचा इतिहास



विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा आम्ही जुनी कपाटे उघडली. पत्रव्यवहार, पावतीपुस्तके, जयंतीचे जमाखर्च असे पुष्कळ काही निघाले. त्यात एक वर्गणीची वही होती. कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई फिकी पडलेली. प्रत्येक नावापुढे कुठे चार आणे, कुठे आठ आणे, फार तर एक रुपया. आणि नावाखाली बारीक अक्षरात त्या माणसाचे काम लिहिलेले : रिंग खाते, गोदी, झाडू खाते, रेल्वे वर्कशॉप, बदली.

ही वही बघता बघता आम्ही गप्प झालो. आपले विहार विटा-सिमेंटने उभे राहिले असे आपण म्हणतो. खरे तर ते या चार आण्यांवर उभे राहिले. मग हे चार आणे कुठल्या घामातून आले, ते देणाऱ्याच्या घरात मागे काय उरत होते, हेही आपल्या मुलांना कळायला नको का? म्हणून हा लेखनप्रपंच.

गावकुसाबाहेरून गिरणीच्या दाराशी

मुंबईतली पहिली कापड गिरणी ताडदेवला निघाली. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी काढली आणि १८५६ पासून तिथे सूत निघू लागले. पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड, वरळी हा सारा मुलूख गिरण्यांनी भरून गेला. आपली माणसे याच काळात मुंबईत आली. कोकणातली बोटीने, घाटावरची रेल्वेने. गावी जमीन नव्हती. होती ती वतनाची कामे, म्हणजे राबायचे रात्रंदिवस आणि बदल्यात मिळायचे खळ्यावरचे सुपभर धान्य. लष्करात आपल्या लोकांचे नाव होते, पण १८९० नंतरच्या काही वर्षांतच इंग्रजांनी महारांची भरती बंद केली आणि तेही दार मिटले. राहिली मुंबई.

खुद्द बाबासाहेबांचे घराणेही असेच परळला आले. सुभेदार रामजींची पेन्शन तुटपुंजी, कुटुंब मोठे. पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळ क्रमांक १ मधील ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत १९१२ पासून पुढे सुमारे २२ वर्षे बाबासाहेबांचे वास्तव्य होते. म्हणजे गिरणी कामगाराचे जिणे त्यांनी पुस्तकातून वाचलेले नव्हते, ते जिन्याखाली रोज पाहिलेले होते. ही गोष्ट पुढचा इतिहास समजून घेताना विसरता कामा नये.

धाग्याचाही विटाळ

गिरणीत सगळे कामगार सारखे, असे बाहेरच्याला वाटते. आतली गोष्ट वेगळी होती. गिरणीत चांगला पगार साचा खात्यात, म्हणजे मागावर कापड विणणाऱ्या साचेवाल्याला. आणि त्याच खात्यात आपल्या माणसाला पाय ठेवू देत नसत.

कारण ऐकाल तर हसावे की रडावे कळणार नाही. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून बाहेर काढायचे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. अस्पृश्याचे तोंड लागले तर आम्ही बाटू, असे स्पृश्य कामगार म्हणत. तंबाखूची चंची एकमेकांना देणारे, एकाच युनियनचा झेंडा धरणारे हे लोक धाग्याला मात्र विटाळ मानीत.

म्हणून आपली माणसे रिंग खात्यात, तारा जोडायला आणि बाबिनी बदलायला. नाहीतर कापसाच्या धुळीत, जिथे संध्याकाळी नाकातोंडातून कापूसच निघे. काम तेवढेच, तास तेवढेच, पगार मात्र साचेवाल्यापेक्षा बराच कमी. तेही कायम नव्हे. पहाटे भोंग्याच्या आधी गिरणीच्या दाराशी जाऊन उभे राहायचे. जॉबरची मर्जी असली तर बदली मिळायची, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परत. मर्जीसाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे. आमच्यापैकी एकाची आजी सांगायची, "डबा भरलेला परत आला की आम्ही काही विचारीत नसू. तो डबाच दुपारी सगळ्यांनी मिळून खायचा."

तेव्हा आपली गरिबी पूर्वजन्मीच्या पापाची नव्हती, आळसाची तर नव्हतीच. चांगल्या पगाराच्या खात्याला जातीचे कुलूप होते, त्यातून ती आली होती. हे आम्ही मुद्दाम ठळकपणे मांडतो, कारण आजही आपल्याच घरात "आपलं नशीबच असलं" असे बोल ऐकू येतात.

एक खोली आणि रुपयाला एक आणा

१९२१-२२ साली सरकारच्या कामगार खात्याने मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. सर्व जातिधर्मांची मिळून कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपयांच्या आसपास आढळली. शंभरातली ४७ कुटुंबे कर्जात होती. सावकाराचे व्याज सर्रास रुपयाला दरमहा एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५! ही झाली सगळ्या कामगारांची सरासरी. साचा खाते ज्यांना बंद होते त्यांच्या घरी काय असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी पठाण काठी घेऊन उभा असे.

राहायला जागा म्हणाल तर एक खोली. १९२० साली सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे चाळी बांधल्या. त्याच आपल्या बी.डी.डी. चाळी. नायगावात अशा ४२ इमारती. तळमजला आणि वर तीन मजले, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. भाडे परवडेना म्हणून सुरुवातीला कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या होत्या. पुढे त्याच खोल्यांत एकेका घरी आठ-दहा माणसे राहू लागली. पाळीप्रमाणे झोपायचे. एक पाळीवरून आला की दुसरा उठायचा. गावाकडचा भाचा, पुतण्या आला तर तोही व्हरांड्यात पथारी टाकायचा. पण कुणाला "जा" म्हटले नाही. ही आपल्या चाळींची श्रीमंती.

बाबासाहेबांनी काढलेली वाट

१९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिचे कार्यालय आपल्याच परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. शिक्षणाच्या जोडीने समाजाची आर्थिक स्थिती सुधारणे हाही सभेचा हेतू होता.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. कामगारांच्या मागण्यांची यादी तयार झाली, तेव्हा बाबासाहेबांनी सरळ विचारले की अस्पृश्य कामगारांना साचा खाते मोकळे करा ही मागणी यात का नाही? ती घेतली नाही तर आमचे कामगार संपात राहणार नाहीत. पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी घेतली आणि मालकांनी "यात आमचा काय दोष?" म्हणून हात झटकले, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. मालक कामगारांकडे बोट दाखवी, कामगार धर्माकडे. मध्ये उपाशी राहायचा तो आपला माणूस.

त्याच वर्षी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला बाबासाहेबांनी जोरदार पाठिंबा दिला. १९२९ साली तो कायदा झाला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बजावले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन एक दिवसाचा संप झाला. परळचे कामगार मैदान माणसांनी फुलून गेले. त्या दिवशी आमची म्हातारी माणसे घरी चूल न पेटवता गेली होती.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. कारखान्यातील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करणारी कायद्याची दुरुस्ती १९४६ ची. त्याच वर्षी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले आणि सकाळी वर्गात बसून नंतर नोकरीवर जाणाऱ्या आपल्या मुलांची सोय झाली. कामगाराची पहिली पदवीधर पिढी तिथून निघाली.

कायमची नोकरी

स्वातंत्र्यानंतर साचा खात्याचे दार हळूहळू किलकिले झाले. पण खरा आधार मिळाला तो दुसरीकडे. परळ आणि माटुंग्याचे रेल्वे वर्कशॉप, गोदी, महापालिका, १९२६ साली सुरू झालेले के.ई.एम. इस्पितळ इथे आपली माणसे हमाल, फिटर, वॉर्डबॉय, आया म्हणून लागली. हातात दरमहा ठरलेला पगार, प्रॉव्हिडंट फंड, आजारपणाची रजा. "कायम" या एका शब्दाने किती घरांचे चित्र बदलले! सावकार सुटला. मुलगी सातवीच्या पुढे शिकू लागली. गावच्या घरावर कौले चढली.

यातही एक अडथळा आला, तो आजच्या तरुणांना ठाऊक नसतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर त्यांच्या पार्थिवासमोर लाखोंनी दीक्षा घेतली. बौद्ध झालो म्हणून आपल्या सवलती गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने त्या नवबौद्धांना लागू केल्या, पण केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत हा हक्क मिळायला १९९० साल उजाडावे लागले. मधल्या ३४ वर्षांत केंद्राच्या नोकरीला मुकलेल्या आपल्या मुलांची मोजदाद कुणी ठेवली? तरीही कागदावर "बौद्ध" लिहिणारे बाप आमच्या चाळीत होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी स्वाभिमान राखला.

संप आणि नंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही, नुसता विरत गेला. वर्गणीच्या त्या वर्षीच्या वहीत कित्येक नावांसमोर रक्कम नाही, फक्त एक शब्द आहे : "संप". तेव्हाच्या खजिनदारांनी ती नावे खोडली नाहीत, थकबाकीही मांडली नाही. याबद्दल आम्ही त्यांना वंदन करतो.

त्या दिवसांत आपल्या घरांना तारले ते बायकांनी. कुणी पोळीभाजीचे डबे केले, कुणी धुणीभांडी केली, कुणी शिवडीच्या बाजूला जाऊन सुकी मासळी आणून विकली. मंगळसूत्र मोडले पण मुलाची फी भरली. याची नोंद कुठल्याही सरकारी पाहणीत सापडत नाही, म्हणून निदान या स्मरणिकेत असावी.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. नायगावची स्प्रिंग मिल घ्या. जिथून पाळीचा भोंगा ऐकू येई तिथे आता मान वर करून पाहावे लागते असे टॉवर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या पिछाडीच्या खात्यात राबून ज्यांना कुठे बरी जागा मिळाली होती, त्यांच्याच हाताखालून गिरणी गेली. आणि आज त्यांच्याच नातवंडांना तिथे काम मिळते ते सिक्युरिटीचे, लिफ्टचे, साफसफाईचे. तेही कंत्राटी. जुन्या बदलीवाल्यात आणि आजच्या कंत्राटी कामगारात फरक काय? जॉबरच्या जागी कंत्राटदार आला, एवढाच.

पण हा मामला हताश होण्याचा नाही. मुंबई महापालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांनी युनियन करून वर्षानुवर्षे कोर्टात लढा दिला आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून कायम होण्याचा हक्क मिळविला. संघटित व्हा हा बाबासाहेबांचा आदेश जयंतीच्या फलकावर लिहून पुरा होत नाही, तो असा पाळावा लागतो.

बी.डी.डी. चाळींचा पुनर्विकासही सुरू झाला आहे. १६० फुटांच्या खोलीऐवजी ५०० फुटांचे घर. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. आनंदाचीच गोष्ट. परंतु लिफ्टचा, पाण्याचा, देखभालीचा खर्च दरमहा भरायचा तर घरात दरमहा येणारा पगारही हवा. तो नसेल तर मिळालेले घर विकून बदलापूर-विरारला जाण्याची पाळी येईल आणि विहार इथे एकटे राहील.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात सांगितले आहे की राज्यातली चोरी-दरोडे शिक्षेने थांबत नाहीत. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला वेतन द्या, म्हणजे लोक आपापल्या कामात रमतात आणि दार उघडे टाकून निर्भय राहतात. अडीच हजार वर्षांपूर्वी भगवान बुद्धांनी दारिद्र्याचा दोष दरिद्री माणसावर टाकला नाही, हे लक्षात घ्या.

तेव्हा उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे. आपल्या घरात जुना बदली पास, पगाराची चिठ्ठी, गोदीचा बिल्ला असेल तर तो भंगारात टाकू नका, विहारात आणून दाखवा. आजी-आजोबांना जवळ बसवून त्यांचे पहिले काम कोणते, पहिला पगार किती, हे वहीत लिहून घ्या. कंत्राटी कामावर असलेल्या मुलांनी आपली पगाराची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि अडचण आली तर रविवारी वंदनेनंतर थांबून बोलावे. आपल्यात शिकलेली, कायदा जाणणारी माणसे आता आहेत. त्यांनी या मुलांसाठी तासभर द्यावा. तीच त्यांची चार आण्यांची वर्गणी.

जय भीम! नमो बुद्धाय!