मढी कुणी उचलली?

माझा बा गोदीत हमाल होता. गावाकडं मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्या वाट्याचं. मुंबईला आल्यावर बा म्हणायचा, "हितं गोणी उचलतो, पर मढं न्हाई उचलत." त्याची क्रांती एवढीच. म्हणून अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन बंदराचा इतिहास वाचताना मी एका ओळीवर अडकलो. ती सांगतोच. आधी बंदर.

गॅल्व्हेस्टन म्हणजे टेक्सासच्या किनाऱ्यालगतचं वाळूचं बेट. टेक्सासचा कापूस इथून जगभर जाई. १९ जून १८६५ ला जनरल ग्रेंजरनं इथंच हुकूम काढला : टेक्सासातले सगळे गुलाम मुक्त. लिंकनचा जाहीरनामा जानेवारी १८६३ चा. म्हणजे मुक्ती पोचायला अडीच वर्षं लागली. आपल्याला यात नवल नाही. कायदा दिल्लीत होतो, पाणवठ्यावर पोचत नाही.

गोदीत कापसाच्या गाठी जहाजाच्या पोटात स्क्रू-जॅकनं दाबून भरत. मजुरी चांगली, म्हणून काम गोऱ्यांनी धरून ठेवलेलं. गुलाम म्हणून जन्मलेल्या नॉरिस राइट क्युनीनं १८८३ साली काळ्या कामगारांची संघटना बांधली, हत्यारं आणली आणि आपली माणसं त्या कामात घुसवली.

मग आलं ८ सप्टेंबर १९०० चं वादळ. शहराची वस्ती अडतीस हजारांच्या आसपास. सगळ्यात उंच जमीन नऊ फुटांच्या आत, आणि पाणी चढलं पंधरा फुटांवर. सहा ते आठ हजार माणसं मेली. साडेतीन हजारांवर घरं गेली. अमेरिकेत नैसर्गिक आपत्तीत एका वेळी एवढी माणसं दुसऱ्यांदा मेलेली नाहीत.

उन्हात मढी कुजायला लागली. जमीन पाण्यानं भरलेली, पुरणार कुठं? तेव्हा बंदुका रोखून पन्नासेक काळे पुरुष धरले, दारू पाजली, आणि सातशेच्या आसपास मढी बार्जवर चढवायला लावली. ती समुद्रात टाकली. लाटांनी ती परत किनाऱ्यावर आणून टाकली. मग जागोजाग सरण पेटवावं लागलं.

हीच ती ओळ. आणि वर पेपरवाल्यांनी छापलं काय, तर काळे लोक मढी लुटतात!

२००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमला मढी कुणी उचलली? गावोगावच्या सफाई कामगारांनी. बहुतेक दलित. शंभर वर्षं मधे, समुद्र वेगळा, काम तेच.

गॅल्व्हेस्टन पुन्हा उभं राहिलं, हे खरं. १९०२ ते १९०४ मध्ये सतरा फूट उंच, तीन मैलांवर लांब भिंत बांधली. मग बंदराकडचा गाळ-वाळू पंपानं ओतून जमीनच वर आणली. दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या. कापूस दाबायला जसले स्क्रू-जॅक, तसलेच इथं. १९१५ च्या वादळात भिंत टिकली. इंजिनियरांना सलाम केलाच पाहिजे.

पण १९०१ मध्ये नगरपालिका जाऊन कमिशन आलं, व्यापाऱ्यांच्या मर्जीतलं. १९०२ मध्ये टेक्सासनं मतावर कर बसवला. म्हणजे जमीन वर गेली आणि गरीब काळा मतपेटीपासून लांब गेला. व्यापाऱ्यांचंही पुरं साधलं नाही. १९१४ मध्ये ह्यूस्टनचा खोल कालवा खुला झाला आणि जहाजं हळूहळू तिकडं वळली.

२००८ साली आइक वादळ आलं. त्यात सरकारी भाड्याची ५६९ घरं गेली. राहणारे बहुतेक गरीब काळे. ती परत बांधायची म्हटल्यावर गावातूनच विरोध झाला, वर्षानुवर्षं रखडपट्टी चालली. शहर उचललं म्हणायचं, तर कुणाकुणासकट, हे विचारायला नको?

बा आता नाही. असता तर ती ओळ वाचून दाखवली असती. मला माहीत आहे तो काय म्हणाला असता. "दारू पाजावी लागली म्हंजे त्येन्ला बी नकोच व्हतं की रं."