चाईवरील स्टेरॉइड-अंतःक्षेपण : तीव्रतेचे तारतम्य

डोक्यावर, दाढीत वा भुवईत नाण्याएवढे गुळगुळीत केशहीन चट्टे पाडणाऱ्या चाई अथवा इंद्रलुप्त या विकारात केसांची मुळे नष्ट झालेली नसून, शरीराच्याच संरक्षक पेशींनी त्यांना वेढल्यामुळे ती केवळ निष्क्रिय झालेली असतात. म्हणूनच तो वेढा उठविणारे स्टेरॉइड थेट त्या जागी टोचण्याच्या उपचाराला अर्थ प्राप्त होतो. १९५८ साली हायड्रोकॉर्टिसोनाने आरंभ झालेल्या या पद्धतीत पुढे ट्रायमसिनोलोन ॲसिटोनाइड या अल्पविद्राव्य, आणि म्हणूनच टोचल्या जागी आठवडेच्या आठवडे टिकणाऱ्या, औषधाने आपला अंमल बसविला.

दर मिलिलिटरमागे २.५, ५ व १० मिलिग्रॅम अशा तीन तीव्रता विशेष प्रचारात असून, डोक्यासाठी बहुधा ५ आणि चेहरा व भुवया यांच्या नाजूक त्वचेसाठी २.५ असा दस्तूर आहे. बाजारात मिळणारी कुपी मात्र १० किंवा ४० मिलिग्रॅमची असते. तेव्हा ४० मिलिग्रॅमच्या एका मिलिलिटरात सात मिलिलिटर लवणजल मिसळावे तेव्हा कोठे ५ ची तीव्रता साधते, आणि या हिशेबातील गफलत त्वचेला भोवते. औषध दुधाळ निलंबनाच्या रूपात असल्याने कुपी न हलविता भरलेल्या पिचकारीतील तीव्रतेचा भरवसा धरता येत नाही, हेही ध्यानी घ्यावे. सुमारे एक सेंटिमीटर अंतराने, दर ठिकाणी ०.०५ ते ०.१ मिलिलिटर, अशी टोचणी चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा करतात.

अधिक तीव्र औषध अधिक गुणकारी, हा स्वाभाविक वाटणारा समज मात्र तपासाअंती डळमळतो. एकाच रुग्णाच्या भिन्न चट्ट्यांत भिन्न तीव्रता टोचून पाहिलेल्या एका अल्पसंख्य तुलनेत २.५ मिलिग्रॅमही १० च्या बरोबरीने उतरले. अन्य तुलनांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, आणि मर्यादित चाई पुष्कळदा आपण होऊनच भरून येत असल्याने यशाचे श्रेय वाटताना जपावेच लागते. दुष्परिणामांबाबत मात्र फारशी तकरार नाही : त्वचा खोलगट होणे, रक्तवाहिन्या उमटणे, रंग फिका पडणे या गोष्टी तीव्रता, आकारमान व वारंवारता यांबरोबर वाढतात, आणि सुई उथळ शिरल्यास अधिकच. सबब, प्रस्तुत लेखकाच्या मते, सौम्य तीव्रतेने आरंभ करण्यात तोटा नाही.

संपूर्ण डोके व्यापणाऱ्या किंवा वेगाने पसरणाऱ्या चाईत हा उपचार अपुरा पडतो. सहा महिन्यांत केसांचा अंकुर दिसला नाही, तर तो थांबविण्याचा प्रघात आहे.