केंब्रिज-सॉमरव्हिल युवक अभ्यास

केंब्रिज-सॉमरव्हिल युवक अभ्यास हा अमेरिकेच्या मॅसेच्युसेट्स राज्यातील केंब्रिज आणि सॉमरव्हिल या लगतच्या शहरांत १९३९ ते १९४५ या काळात राबविण्यात आलेला बालगुन्हेगारी-प्रतिबंधक प्रकल्प होय. वाईट मार्गाला लागण्याचा धोका असलेल्या मुलांना दीर्घकाळ प्रेमळ मार्गदर्शक मिळाल्यास त्यांचे आयुष्य सुधारते काय, याची तुलना गटाच्या साहाय्याने घेतलेली ही पहिल्या मोठ्या परीक्षांपैकी एक होती. तिचे उत्तर अपेक्षेच्या विपरीत आल्यामुळे समाजकार्य आणि गुन्हेगारीशास्त्र या विषयांच्या अभ्यासक्रमांत तिचा उल्लेख आजही होतो.

पार्श्वभूमी

प्रकल्पाचे प्रवर्तक रिचर्ड क्लार्क कॅबट हे बॉस्टनमधील वैद्य होते. मॅसेच्युसेट्स जनरल रुग्णालयात १९०५ मध्ये वैद्यकीय समाजकार्याची सुरुवात त्यांनी केली. समाजसेवकांनी आपल्या कार्याचे परिणाम मोजले पाहिजेत, हा आग्रह त्यांनी १९३१ मध्ये राष्ट्रीय समाजकार्य परिषदेच्या अध्यक्षपदावरून मांडला. औषधाचा गुण जसा तपासला जातो तसा सेवेचाही तपासावा, अशी त्यांची भूमिका होती. कॅबट यांचे निधन १९३९ मध्येच झाल्याने प्रकल्पाची फलश्रुती त्यांना पाहता आली नाही.

रचना

शाळा, कल्याणकारी संस्था, चर्च व पोलीस यांच्या शिफारशींवरून मुले निवडण्यात आली. प्रकल्पात नाव येणे हाच कलंक ठरू नये, म्हणून 'अवघड' मानल्या गेलेल्या मुलांबरोबर सर्वसाधारण वर्तनाची मुलेही घेण्यात आली. वय, घरची परिस्थिती, स्वभाव आणि गुन्हेगारीकडे असलेला कल हे पाहून सारख्या मुलांच्या जोड्या लावल्या गेल्या. प्रत्येक जोडीतील कोणाला मदत द्यायची हे छापा-काट्याने ठरे; भावंडे मात्र एकाच गटात ठेवली जात. अशा रीतीने एकूण ५०६ मुलांपैकी २५३ मदतीच्या व २५३ तुलनेच्या गटात आली.

मदतीच्या गटातील प्रत्येक मुलाला एक समुपदेशक नेमून दिलेला असे. तो सरासरी साडेपाच वर्षे, महिन्यातून साधारण दोनदा, मुलाच्या घरी जाई. अनेक मुलांना अभ्यासात शिकवणी मिळाली, शंभराहून अधिक मुलांना वैद्यकीय वा मानसोपचाराची मदत मिळाली आणि सुमारे एक चतुर्थांश मुलांना उन्हाळी शिबिरांना पाठविण्यात आले. कुटुंबातील अडचणींतही समुपदेशक लक्ष घालीत. दुसऱ्या महायुद्धामुळे माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा काही मुलांची मदत मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. अनेक मुलांचे समुपदेशकही मधेच बदलले. तुलनेच्या गटातील मुलांना प्रकल्पाकडून कोणतीही सेवा मिळाली नाही. हे वरकरणी निष्ठुर वाटते. परंतु मदत सर्वांना पुरणारी नव्हतीच, आणि नाणे उडविण्यात निदान पक्षपात नव्हता.

मूल्यमापन

एडविन पॉवर्स व हेलन विट्मर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन्ही गटांच्या गुन्हेगारीत लक्षणीय फरक आढळत नसल्याचे नमूद केले. सुपरिणाम कालांतराने दिसतील, अशी आशा त्यानंतरही अनेकांना होती.

ती आशा जोन मॅकॉर्ड यांच्या संशोधनाने मावळली. त्यांनी १९७० च्या दशकात, मध्यम वयाला पोहोचलेल्या त्या मुलांचा न्यायालये, रुग्णालये व मृत्युनोंदणी यांच्या दफ्तरांतून शोध घेतला, अनेकांना प्रश्नावल्या पाठविल्या आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदत मिळालेले लोक एकाही कसोटीवर सरस ठरले नाहीत. उलट एकदा गुन्हा केल्यावर पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्तीची व गंभीर मानसिक आजाराची लक्षणे, ताणाशी निगडित व्याधी, कमी प्रतिष्ठेचे व्यवसाय आणि कामाविषयी असमाधान यांचे प्रमाण त्यांच्यात अधिक होते. तोपर्यंत निधन पावलेल्यांचे मृत्यूही तुलनेने कमी वयात झाले होते.

याच पाहणीत मदत मिळालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी प्रकल्पाचा आपल्याला उपयोग झाला, असे सांगितले. अनेकांनी आपल्या समुपदेशकाची आठवण जिव्हाळ्याने काढली. केवळ लाभार्थींचे अभिप्राय गोळा करून अहवाल लिहिला असता, तर प्रकल्प यशस्वी ठरला असता. विसंगती उघड झाली ती तुलनेच्या गटामुळे.

कारणमीमांसा

हानी कशामुळे झाली, याविषयी मॅकॉर्ड यांनी अनेक शक्यता मांडल्या: मुलांना बाहेरच्या आधाराची सवय लागली असावी, किंवा सतत लाभलेल्या लक्षामुळे वाढलेल्या अपेक्षा पुढे पूर्ण न होऊन निराशा पदरी आली असावी. पुढील विश्लेषणात आणखी एक बाब दिसली. ज्या कुटुंबांनी मनापासून सहकार्य केले, त्यांच्याच मुलांत दुष्परिणाम आढळले. असहकार करणाऱ्यांच्या मुलांत व त्यांच्या जोडीदारांत फरक नव्हता. म्हणजे दोष निवडीतला नसून खुद्द मदतीतला असावा. टॉमस डिशियन, मॅकॉर्ड व फ्रँकोईस पूलँ यांनी १९९९ मध्ये उन्हाळी शिबिरांकडे लक्ष वेधले. दोनदा शिबिराला गेलेल्या मुलांचे परिणाम विशेष वाईट होते. बंडखोर मुले एकत्र आली की ती एकमेकांच्या वर्तनाला खतपाणी घालतात, असे हे स्पष्टीकरण आहे. ते सर्वांत पटण्याजोगे असले, तरी शिबिराला न गेलेल्या मुलांना प्रकल्पाचा लाभ का झाला नाही, हे त्याने उलगडत नाही.

नंतरचे संशोधन

या निष्कर्षांवरून मार्गदर्शनच निरुपयोगी ठरत नाही. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' या अमेरिकी संस्थेच्या आठ शाखांतील १० ते १६ वर्षे वयाच्या ९५९ मुलांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड होती: काहींना लगेच मार्गदर्शक मिळाले, तर उरलेल्यांना दीड वर्ष थांबावे लागले. मार्गदर्शक लाभलेल्यांत अमली पदार्थांची सुरुवात करण्याचे प्रमाण ४६ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र जीन ग्रॉसमन व जीन ऱ्होड्स यांनी २००२ मध्ये दाखविले, की वर्षभर वा त्याहून अधिक टिकलेली नातीच विशेष फलदायी ठरली. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांतील मुलांचा आत्मसन्मान घटला होता.

केंब्रिज-सॉमरव्हिलच्या मुलांचा मागोवा पुढेही चालू राहिला. ब्रँडन वेल्श व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये, प्रकल्प संपल्यानंतर ७२ वर्षांपर्यंतच्या मृत्युनोंदी तपासल्या. त्यांत दोन्ही गटांच्या मृत्युमानात संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही.