३७२ कोटींच्या धरणाची गोष्ट

३७२ कोटी २२ लाख. भंडाऱ्यातल्या माणसाने हा आकडा पाठ करून ठेवावा. १९८३ साली गोसीखुर्द प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हाची ही किंमत. पवनी तालुक्यात वैनगंगेवर धरण आणि त्यातून भंडारा, नागपूर, चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टरला पाणी. २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं. गोंदिया जिल्हा तेव्हा आपल्यातच होता, तो वेगळा झाला १९९९ ला. म्हणजे जिल्हा फुटून त्याला पाव शतक झालं, तरी कालव्यांची कामं सुरूच!

आणि किंमत? पुढे ती १८ हजार कोटींच्या वर गेली. जवळपास पन्नासपट. "महागाई वाढली" म्हणतात. वाढली ना, पण काम रखडलं म्हणूनच महागाई गाठत गेली. सरकारी भाषेत याला एक साळसूद शब्द आहे, सुप्रमा. सुधारित प्रशासकीय मान्यता. उशीर झाला, आराखडा बदलला, जमिनीचे दर वाढले, काहीही होवो, नवी सुप्रमा आली की जुना आकडा कोणी विचारत नाही. उशीर कोणामुळे झाला, हा रकाना त्या कागदावर नसतो.

२००९ च्या सुमारास हा राष्ट्रीय प्रकल्प झाला, केंद्राचा ९० टक्के निधी येणार म्हणून आपण खूश झालो. पण केंद्राचा पैसा म्हणजे कोणाचा? जो म्हणतो मी इन्कम टॅक्स भरत नाही, तोही पेट्रोल, साबण, बियाणांच्या पिशवीवरच्या छपाईपर्यंत कर भरतोच.

मग आलं २०१२. राज्याच्या आर्थिक पाहणीतून निघालं की दहा वर्षांत सिंचन वाढलं ०.१ टक्का. त्याच वर्षी नोव्हेंबरात श्वेतपत्रिका आली, तिच्यात वाढ ५.१७ टक्के! दोन्ही कागद एकाच सरकारचे. गोसीखुर्दच्या डाव्या कालव्याचं अस्तरीकरण निकृष्ट निघालं, ते काढून पुन्हा करायची वेळ आली. वडनेरे समिती, मेंढेगिरी समिती, मग माधव चितळे समिती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका, लाचलुचपत विभागाची चौकशी. यातल्या प्रत्येक गोष्टीचा खर्चही आपलाच बरं का. ज्यांची गावं बुडाली त्यांना विशेष पॅकेजसाठी २०१३ उजाडावं लागलं.

आता जरा मागे जा. हा जिल्हा तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी पाळी बांधल्या, उतार असा साधला की एका तलावाचा सांडवा खालच्या तलावात जावा. पुढे मालगुजार आले. मालगुजार काही देवमाणसं नव्हती, पण पाळ फुटली तर कोणाच्या दारात जायचं हे गावाला ठाऊक होतं. १९५०-५१ मध्ये मालगुजारी गेली, आणि ते योग्यच झालं. पण तलाव सरकारजमा झाले आणि भांडण सुरू झालं. सरकार म्हणे पाणीपट्टी भरा, शेतकरी म्हणे आमचा निस्तार हक्क आहे, फुकट पाणी वापरत आलोय. या ओढाताणीत दुरुस्ती कोणाचीच राहिली नाही. छोटे तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, आणि गाळ दोन्हींकडे. 'माजी मालगुजारी'चं नाव पडलं मामा तलाव. हजारो मामा तलाव आहेत पूर्व विदर्भात. गाळ काढणं हे सुप्रमा लागेल असं काम नाही, म्हणूनच कदाचित ते कोणाला आवडत नाही.

मोठं धरण नकोच होतं, असं मी म्हणत नाही. पऱ्हे टाकून आभाळाकडे बघणाऱ्या धान उत्पादकाला कालव्याचं पाणी हवंच आहे. पण त्या पाण्याचंही ऐका. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं. पूर्वी ते वाहून जायचं, आता धरणाच्या फुगवट्यात साचतं, आणि हा फुगवटा भंडारा शहरापर्यंत पोचतो. नाग नदी स्वच्छ करायला १,९२७ कोटींचा प्रकल्प मंजूर झालाय. त्याची पहिली सुप्रमा कधी येते, त्यावर लक्ष ठेवा.