तोंडातला श्वास

१९४३ साली फ्रान्समध्ये जॅक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी ‘अ‍ॅक्वालंग’ सिद्ध केले, तेव्हा पाठीवरच्या हवेला माउथपीस एकच होता. सोबत्याची हवा संपली, तर त्यातूनच दोघांनी आळीपाळीने श्वास घ्यायचा. तलावातल्या सरावात हे जमे. पण खोल पाण्यात घाबरलेला माणूस माउथपीस परत देईलच, हे कोणी सांगावे?

पुढे दुसरा माउथपीस आला, बहुधा पिवळा. त्याचे नाव ‘ऑक्टोपस’. पण गुदमरणारा हात पिवळा रंग शोधत बसत नाही, समोरच्याच्या तोंडातला ओढतो. त्यातून हवा येते आहे, हे त्याला दिसतेच ना!

फ्लोरिडातल्या पाण्याने भरलेल्या गुहांत उतरणाऱ्यांनी मग उलटेच केले. तोंडातलाच द्यायचा, गळ्यात अडकवलेला आपण घ्यायचा. अरुंद वाटेत मागे-पुढे पोहता यावे म्हणून द्यायची नळी सुमारे दोन मीटर लांब. गुहेत शिरण्याआधी ते ही अदलाबदल करून पाहतात.